आगगाडीला कर्ज देणारा राजा

माझे आजोळ इंदूरचे. बेळगावातल्या मैत्रिणींना हे कळले की त्या आधी पोहे-जिलबीची चौकशी करतात आणि मग अहिल्यादेवींचे नाव घेतात. दोन्ही योग्यच आहे. परंतु आज मी ज्यांच्याविषयी लिहिणार आहे, त्यांचे नाव मात्र कुणाच्या तोंडी येत नाही. खरे सांगायचे तर परवाच्या मे महिन्यापर्यंत ते माझ्याही तोंडी नव्हते.

माझ्या मामांचे इंदुरात एक छोटे वर्कशॉप आहे. दोन लेथ, एक ड्रिल मशीन, एक ग्राइंडर आणि तीन कारागीर, एवढाच संसार. पंपाचे शाफ्ट आणि बुश तयार करून ते पीथमपूरच्या एका कारखान्याला पुरवतात. त्यातला मोठा लेथ माझ्या आजोबांनी घेतलेला. आजोबा एका कापड गिरणीत फिटर होते. गिरणी बंद पडल्यावर त्यांनी राष्ट्रीय लघुउद्योग निगमाच्या भाडेखरेदी पद्धतीने तो लेथ घेतला आणि त्याच्यावर सारे घर उभे केले. आई सांगते, की शेवटचा हप्ता फिटला त्या दिवशी आजोबांनी लेथला हार घातला होता.

मी गेले तेव्हा मामा चिंतेत होते. कारखान्याने कळवले होते, की यापुढे माल संगणकावर चालणाऱ्या लेथवर, म्हणजे सीएनसी यंत्रावर काढलेला हवा. जुन्या लेथची पकड सैल झाली होती. शंभर नगांतले सात-आठ नग मापात बसत नसत आणि परत येत. नवे यंत्र घ्यावे तर कर्ज काढावे लागणार. कर्जाचे नाव काढले की मामी गप्प होत. गिरणी बंद पडल्यानंतरचे दिवस मामांनी लहानपणी पाहिले होते.

एका संध्याकाळी मामा मला घेऊन राजवाड्याकडे निघाले. वाटेत खान नदीच्या काठी कृष्णपुऱ्याच्या छत्र्या आहेत. दगडी नक्षीकामाच्या त्या इमारतींसमोर थांबून मी त्या कुणाच्या म्हणून विचारले. मामा म्हणाले, एक कृष्णाबाईंची आणि एक दुसऱ्या तुकोजीरावांची. इंदुरात पहिली गिरणी आणि पहिली आगगाडी आणणारा हाच राजा, असेही त्यांनी सांगितले. आणि जरा थांबून ते हसत म्हणाले, की त्या राजाला कर्ज घ्यावे लागले नाही, उलट त्यानेच सरकारला कर्ज दिले! मी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी. राजाने सरकारला कर्ज दिले, ते किती, किती टक्क्यांनी, किती मुदतीने, हे विचारल्यावाचून मला राहवेना. मामांना ते ठाऊक नव्हते. म्हणून उरलेली सुट्टी मी त्याचा शोध घेण्यात घालवली. त्याचेच हे फळ.

तुकोजीरावांचा जन्म १८३५ सालचा. ते होळकर घराण्यातले खरे, पण गादीचे सरळ वारस नव्हते. १८४४ साली खंडेराव होळकर निपुत्रिक वारले आणि इंदूरची गादी रिकामी झाली. अशा वेळी संस्थान खालसा होण्याची भीती असे. यशवंतराव होळकरांच्या वृद्ध पत्नी कृष्णाबाई त्या वेळी हयात होत्या. त्यांनी भाऊ होळकरांच्या या नऊ वर्षांच्या मुलाला पुढे केले आणि कंपनी सरकारने त्याला मान्यता दिली. ज्यांच्या शब्दाने त्यांना गादी मिळाली त्यांच्या शेजारीच त्यांची छत्री उभी आहे, याचा अर्थ मला मागाहून समजला.

राजा लहान असल्यामुळे कारभार मंडळाच्या हाती होता आणि इंदूरचे रेसिडेंट सर रॉबर्ट हॅमिल्टन यांचे त्यावर लक्ष होते. मुन्शी उमेदसिंग या शिक्षकांपाशी राजाचे शिक्षण झाले. मराठी तर घरचीच, त्याखेरीज फारसी आणि इंग्रजी. आपल्या बेळगावात मुले जशी घरी एक, वर्गात दुसरी आणि बाजारात तिसरी भाषा बोलतात, तसेच हे. १८५२ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, संपूर्ण अधिकार त्यांच्या हाती आले. आपल्यापैकी बहुतेकांचे त्या वयात बारावीचे वर्ष असते!

पुढच्या पाचच वर्षांत त्यांच्यावर फार मोठा प्रसंग आला. १ जुलै १८५७ रोजी इंदूरच्या रेसिडेन्सीवर हल्ला झाला. त्यात होळकरांच्याच फौजेतले लोक होते. त्या वेळचे इंग्रज अधिकारी कर्नल ड्युरँड आपल्या माणसांसह सीहोरकडे निघून गेले. बावीस वर्षांचा राजा दोन्ही बाजूंनी कोंडीत सापडला. स्वतःचे सैन्य ऐकत नव्हते आणि इंग्रजांचा विश्वास उडाला होता. त्यांनी आश्रयाला आलेल्या युरोपियनांना वाचवले आणि खजिना सांभाळून महूच्या छावणीकडे पाठवला, तरी ड्युरँड यांच्या मनातला संशय गेला नाही. उठाव शमल्यावर इतर संस्थानिकांना मुलूख बक्षीस मिळाले, इंदूरला तसे काही मिळाले नाही. तुकोजीराव राजनिष्ठ होते की मनातून उठावाच्या बाजूचे, याचा वाद इतिहासकार आजही घालतात. मला त्या वादात पडायचे नाही. एवढे मात्र दिसते, की या अनुभवाने तरुण राजा एक गोष्ट शिकला. तलवारीच्या जोरावर आता काही मिळणार नाही आणि इंग्रजांच्या मर्जीवरही विसंबता येणार नाही. राहता राहिला तो पैसा आणि व्यापार.

इंदूर तेव्हाही व्यापारी गाव होते. माळव्याची अफू इथे तोलली जाई आणि मुंबईमार्गे चीनला जाई. निमाडातला कापूस इथल्या बाजारात येई. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले आणि तिथला कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला. हिंदुस्थानच्या कापसाला सोन्याचे मोल आले. मुंबईत तर पैशाचा पूर लोटला. पण युद्ध संपताच भाव कोसळले आणि अनेक पेढ्या बुडाल्या. कच्चा माल विकणाऱ्याचे नशीब परक्या बाजारावर टांगलेले असते, हा धडा आम्हाला अर्थशास्त्राच्या पुस्तकात एका परिच्छेदात शिकवतात. तुकोजीरावांनी तो डोळ्यांनी पाहिला.

नेमक्या याच सुमारास, १८६६ साली, त्यांनी इंदुरात सरकारी कापड गिरणीचे काम हाती घेतले. या साहसाची कल्पना यावी म्हणून थोडी तुलना करते. मुंबईची पहिली कापड गिरणी १८५६ साली चालू झाली आणि अहमदाबादची १८६१ साली. ही दोन्ही मोठी शहरे, आणि मुंबईला तर बंदर. नागपूरची एम्प्रेस मिल १८७७ सालची आणि सोलापूरची जुनी गिरणीही त्याच सालची. म्हणजे नागपूर आणि सोलापूर यांच्या कितीतरी आधी माळव्याच्या पठारावर, जिथे आगगाडी पोहोचलेली नव्हती तिथे, एका राजाने गिरणी उभारायचे ठरवले.

आगगाडी पोहोचलेली नव्हती, हे म्हणणे सोपे आहे. याचा अर्थ असा, की यंत्रे विलायतेहून बोटीने मुंबईला यायची, मुंबईहून आगगाडीने खांडव्यापर्यंत यायची आणि तिथून पुढे इंदूरपर्यंतची सुमारे १३० किलोमीटरची वाट खुष्कीने काटायची. मध्ये नर्मदा आडवी आणि तिच्यापुढे विंध्याचा घाट. बॉयलर, चरख्यांचे सांगाडे, लोखंडी चाके हे सारे या वाटेने वर चढले. मामांच्या दुकानी टेम्पोतून लोखंडाच्या सळया उतरवताना चार माणसांची होणारी दमछाक मी पाहिली आहे. त्यावरून त्या वाटेचा अंदाज बांधते.

१८७० च्या मागेपुढे गिरणीची चाके फिरू लागली. राजा तिचा मालक होता, भांडवल संस्थानचे होते. खासगी माणसाने एवढा धोका पत्करला असता का? मला वाटत नाही. सावकाराला अफूत सरळ नफा दिसत होता. यंत्र नवे, कारागीर नवखे, दुरुस्तीची माहिती असणारे लोक दूर मुंबईत. अशा ठिकाणी पहिला पैसा घालणारा कुणीतरी लागतो, जो पहिल्या वर्षीच नफ्याची अपेक्षा करत नाही. ती भूमिका तुकोजीरावांनी घेतली.

पण गिरणी चालवताना त्यांच्या ध्यानात आले असणार, की वाटेविना यंत्र पांगळे. यातून त्यांच्या आयुष्यातला सर्वांत मोठा व्यवहार घडला. खांडव्याहून इंदूरपर्यंत लोहमार्ग बांधण्यासाठी त्यांनी इंग्रज सरकारला १ कोटी रुपये कर्जाऊ दिले. व्याज दरसाल शेकडा साडेचार आणि मुदत १०१ वर्षांची. मार्गाला नाव मिळाले होळकर स्टेट रेल्वे.

मी वहीच्या मागच्या पानावर हिशेब केला. १ कोटीवर साडेचार टक्क्यांनी वर्षाला साडेचार लाख रुपये व्याज. सरळ व्याजाने १०१ वर्षांचे ४ कोटी ५४ लाख ५० हजार. मुद्दल शाबूत ते वेगळेच! इतर संस्थानिक शिकारी आणि लग्नसमारंभ यांत पैसा उडवत असताना या राजाने तो अशा कामात घातला, की व्याजही यावे आणि आपल्याच गावात आगगाडीही यावी. इंग्रज अधिकारी त्यांना फार व्यापारी वृत्तीचे समजत आणि ते कौतुकाने नव्हे. आम्हा वाणिज्यच्या विद्यार्थ्यांना मात्र हा दोष वाटू नये.

मार्ग मीटर गेजचा होता. खांडवा ते सनावद हा पहिला टप्पा १८७४ साली खुला झाला. नर्मदेवरचा पूल १८७६ साली पूर्ण झाला. त्याच्यापुढे पाताळपाणी आणि कालाकुंड यांच्यामधला घाट होता. तिथे बोगदे खोदावे लागले, पूल बांधावे लागले आणि चाळीस फुटांना एक फूट असा चढ ठेवावा लागला. १८७८ च्या सुमारास गाडी इंदूरला पोहोचली. पहिली इंजिने हत्तींनी ओढत इंदुरात आणली, ही गोष्ट आजही तिथे सांगतात. हत्ती इंजिन ओढत आहेत, हे चित्र माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. जुनी शक्ती नव्या शक्तीला हात धरून घरात आणते आहे, आणि या कामानंतर आपली गरज उरणार नाही हे तिला ठाऊक नाही! त्या घाटात २०१८ साली पर्यटकांसाठी गाडी सुरू झाली आणि लोक धबधबा पाहायला त्यातून जाऊ लागले.

कारभारासाठीही महाराजांनी बाहेरची कर्तबगार माणसे आणली. त्रावणकोरचे दिवाण म्हणून नावाजलेले सर टी. माधवराव १८७३ साली इंदूरचे दिवाण झाले. हे तंजावरकडच्या मराठी घराण्यातले, म्हणजे तमिळ मुलखात वाढलेले मराठी गृहस्थ. दोन वर्षांनी ते बडोद्याला गेले आणि त्यांच्या जागी त्यांचेच आप्त रघुनाथराव आले. दोन भाषांच्या सीमेवर वाढलेल्या माणसाला कुठेही पाय रोवता येतात, हे पाहून मला जरा बरे वाटले. मराठी शाळेतून आलेल्या आणि कानडी अजून अडखळत बोलणाऱ्या माझ्यासारखीला तेवढाच आधार.

आता महाराजांची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर हा लेख म्हणजे नुसता जयजयकार होईल. जमिनीच्या साऱ्याबाबत त्यांचा हात जड होता. मोजणी झाली, आकार वाढला आणि त्याचा बोजा शेतकऱ्यांवर पडला. आगगाडीला दिलेल्या कोटीत आणि गिरणीत घातलेल्या भांडवलात त्या शेतकऱ्यांचा घाम होता. माळव्याच्या काळ्या मातीतून निघालेले रुपयेच लोखंडाच्या रुळांत रूपांतरित झाले.

आणखी एक गोष्ट मला खटकली. महाराजांच्या शंभर वर्षे आधी अहिल्यादेवींनी महेश्वरला विणकर आणून वसवले होते. त्यांना आश्रय दिला, त्यांच्या मालाला दरबारचे गिऱ्हाईक मिळाले आणि महेश्वरी लुगड्याचे नाव झाले. तीही सरकारची मदतच होती, पण ती थेट मागावर बसणाऱ्या माणसापर्यंत पोहोचली. तुकोजीरावांच्या गिरणीत यंत्र राजाचे होते आणि माणूस मजूर होता. गिरणीचे सूत स्वस्त झाले की हातचरख्याचे सूत मागे पडते आणि गिरणीचे कापड स्वस्त झाले की हातमागावरचा विणकर अडचणीत येतो. हे साऱ्या देशभर घडले. त्या विणकराने नव्या यंत्रयुगात काय करावे, हे शिकवणारे कुणी नव्हते. महेश्वरच्या मागांना पुन्हा उभारी यायला पुढे शंभर वर्षे लागली. १९७९ साली तिथे रेहवा संस्था निघाली आणि ती होळकर घराण्यातल्याच पुढच्या पिढीने काढली.

जून १८८६ मध्ये महाराज वारले, तेही महेश्वरलाच, नर्मदेच्या काठी. वय अवघे ५१ वर्षांचे. त्यांच्यामागे शिवाजीराव गादीवर आले. सरकारी गिरणी पुढे ठेक्याने व्यापाऱ्यांच्या हाती गेली. याला काही जण अपयश म्हणतील. मला तसे वाटत नाही. राजाने वाट पाडली, धोका पत्करला आणि गिरणी या गावात चालू शकते हे दाखवून दिले. त्यानंतरच व्यापाऱ्यांचे धाडस झाले. १९०९ साली मालवा मिल निघाली, पुढे हुकुमचंद मिल आणि इतर गिरण्या निघाल्या आणि अफूच्या तराजूचे गाव कापडाच्या भोंग्याचे गाव बनले.

त्या भोंग्यांचे पुढे काय झाले, हेही इंदुरात कुणी विसरलेले नाही. यंत्रे जुनी होत गेली, ती वेळेवर बदलली नाहीत आणि एकेक गिरणी बंद पडली. हुकुमचंद मिल डिसेंबर १९९१ मध्ये बंद झाली. तिथल्या सुमारे ४,८०० कामगारांच्या देण्याचे २२४ कोटी रुपये निकालात निघायला २०२३ चा डिसेंबर उजाडावा लागला. बत्तीस वर्षे! तोवर कित्येक कामगार जग सोडून गेले होते. एकदा यंत्र आणले म्हणजे काम संपले असे नसते. ते पुन्हा पुन्हा नवे करावे लागते आणि माणसालाही नवे शिकवावे लागते. एरवी राजाने आणलेले यंत्रसुद्धा भंगारात जाते.

स्वतंत्र भारताच्या सरकारला ही जाणीव लवकर झाली. १९५४ साली लघुउद्योगांसाठी स्वतंत्र संघटना निघाली आणि गावोगाव सेवा संस्था उघडल्या. तिथे यंत्राचा सल्ला मिळे. १९५५ साली लघुउद्योग निगम निघाले. त्याच्याच भाडेखरेदीतून माझ्या आजोबांचा लेथ आला. पुढे टूल रूम निघाले. इंदुरातही सांवेर रस्त्याच्या औद्योगिक वसाहतीत इंडो-जर्मन टूल रूम आहे. छोट्या कारखानदाराला परवडणार नाहीत अशी यंत्रे तिथे असतात, साचे तयार करून मिळतात आणि मुलांना सीएनसीचे शिक्षण मिळते. २००० साली नव्या यंत्राच्या कर्जावर अनुदान देणारी योजना निघाली आणि पुढे ते अनुदान यंत्राच्या किमतीच्या १५ टक्क्यांपर्यंत, जास्तीत जास्त १५ लाख, असे झाले. २०२३ साली लीन नावाची योजना नव्या रूपात आली. तिचा रोख यंत्रावर नसून कामाच्या पद्धतीवर आहे. वेळ कुठे वाया जातो, माल कुठे बिघडतो, हे जाणकार येऊन दाखवतो. पहिली पायरी फुकट असते आणि पुढच्या पायऱ्यांवर त्याच्या फीपैकी ९० टक्के रक्कम सरकार भरते.

हे वाचून कुणी म्हणेल, की इंदूरचे इंदुरात, आपल्याला काय त्याचे? पण आपल्याच जिल्ह्यातले उदाहरण घ्या. गुर्लहोसूरला जन्मलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलचे दुकान काढले आणि मग लोखंडी नांगर घडवला. आपण रोज किर्लोस्कर रोडवरून जातो. त्यांना बेळगावातली जागा सोडावी लागली तेव्हा औंधच्या राजांनी माळरान दिले, १० हजार रुपये कर्जाऊ दिले आणि १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. माझी कानडी मैत्रीण लगेच म्हणाली, की मग आमच्या विश्वेश्वरय्यांचे नाव कुठे आहे? तेही बरोबर. १९१२ ते १९१८ ते म्हैसूरचे दिवाण होते आणि त्यांच्या काळात, १९१३ साली, म्हैसूर बँक निघाली. उद्योगाला पैसा देणारे घर राज्यातच हवे, हा त्यामागचा विचार. या मासिकाच्या कानडी विभागात कुणी त्यांच्यावर लिहिले तर मी ते शब्दकोश घेऊन वाचीन.

या तिघांकडे पाहून मला जे समजले ते असे. छोट्या कारखानदाराला तीन गोष्टी लागतात. वाट, घाई न करणारा पैसा आणि शिकवणारे माणूस. तुकोजीरावांनी पहिल्या दोन दिल्या आणि दुसरी तर १०१ वर्षांच्या मुदतीने दिली. तिसरी त्यांना सुचली नाही, कारण त्यांच्या डोळ्यांपुढे संस्थान होते, मागावरचा एकटा माणूस नव्हता. आजच्या योजनांत तिन्ही गोष्टी कागदावर आहेत. पण कागद आणि माणूस यांच्यामध्ये अजून एक घाट आहे आणि तो चढवायला हत्ती नाहीत.

हे मी उगाच म्हणत नाही. मामा पूर्वी एकदा अनुदानाची चौकशी करायला गेले होते. एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर, असे तीन खेटे झाले. फॉर्म इंग्रजीत. विचारायचे कुणाला? दुकान बंद ठेवून गेले की त्या दिवसाची कमाई बुडते. चौथ्या खेपेला ते गेलेच नाहीत. अशिक्षित म्हणावे तर मामा आयटीआय झालेले आहेत. पण कागदाची भीती शिकलेल्या माणसालाही वाटते.

म्हणून सुट्टीच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही दोघांनी बसून हिशेब मांडला. नवे यंत्र घेतले तर हप्ता किती, परत येणारा माल थांबला तर महिन्याला किती वाचेल, सैल लेथमुळे वर्षाला किती लोखंड वाया जाते. मामांनी हा शेवटचा आकडा कधी काढलाच नव्हता. तो पाहून ते बराच वेळ बोलले नाहीत. मग मी त्यांच्या उद्यम नोंदणीचा क्रमांक घेऊन लीन योजनेच्या पहिल्या पायरीचा अर्ज भरून दिला. त्याला अर्धा तास लागला. इंग्रजी मी वाचले, मराठीत समजावले आणि मामांनी हिंदीत विचारले, की बस, इतकेच का?

नवे यंत्र मामांनी अजून घेतलेले नाही. मामेभाऊ मात्र टूल रूमच्या वर्गात दाखल झाला आहे. मामांचे म्हणणे असे, की आधी घरातले माणूस तयार होऊ दे, मग यंत्राला दार उघडू. परवा त्यांचा फोन आला होता. अवजारांना भिंतीवर ठरलेल्या जागा दिल्या आहेत आणि परत येणारे नग शंभरात सात-आठ होते ते चारवर आले आहेत, तेही जुन्याच लेथवर. हे सांगताना त्यांचा आवाज वेगळाच लागत होता.

बोलता बोलता मी विचारले, की नवे यंत्र आले तर आजोबांच्या लेथचे काय करणार? मामा म्हणाले, तो कोपऱ्यात राहील, त्याचे हप्ते केव्हाच फिटले आहेत.